बाबांची चेतक चढणीला का दमते?

वाचकाचा प्रश्न: कोथरूडला राहणाऱ्या, चव्वेचाळीस वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आहे. त्यांच्या वडिलांनी १९९३ मध्ये बजाज चेतक घेतली. टू-स्ट्रोक, इलेक्ट्रॉनिक इग्निशनची. वडील आता ७८ वर्षांचे आहेत. २०२० च्या लॉकडाउनपासून स्कूटर सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या दसऱ्याला पूजा करताना मुलाला वाटलं, ही पुन्हा चालू करायची. चालू झालीही. पण पौड रस्त्याने चांदणी चौकाकडे चढायला लागली की दम तोडते. तिसऱ्या गिअरमध्ये ओढत नाही, दुसऱ्यात घातली तरी कण्हते आणि कधीकधी बंदच पडते. पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवली की पुन्हा सुरू होते. कार्बोरेटर दोनदा उघडून झाला, प्लग नवा घातला, जेटही (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं माप ठरवणारं बारीक छिद्र) बदलला. मिस्त्री म्हणतो, किक हलकी लागतेय, इंजिन बसलंय, बोअर-पिस्टन करा, म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठ्या मापाचा नवा पिस्टन घाला. भाऊ म्हणतो, विकून टाक. सोसायटीतले एक गृहस्थ ‘व्हिंटेज’ म्हणून घ्यायला तयार आहेत. वडिलांना यातलं काहीच सांगितलेलं नाही, कारण त्यांना वाईट वाटेल. बोअर-पिस्टन करावं की विकावी, असा प्रश्न आहे.

उत्तर:

नमस्कार.

करू की विकू, याचं उत्तर मी आज देणार नाही. त्या प्रश्नात इंजिन झिजलंय हे तुम्ही धरूनच चालला आहात, आणि ते झिजल्याचं दाखवणारी एकही तपासणी तुमच्या पत्रात नाही. कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला, पुन्हा कार्बोरेटर, मग जेट. यातलं काही लागू पडलं नाही म्हणून आता बोअर. एक अंदाज चुकला की त्याहून महाग अंदाज, असा हा प्रवास झालाय. मिस्त्रीला मी दोष देत नाही. आज पंचविशी-तिशीतल्या मुलांनी शिकताना फोर-स्ट्रोक इंजिनंच हाताळलेली असतात, आणि टू-स्ट्रोकचं दुखणं बऱ्याचदा अशा जागी असतं जी जागा फोर-स्ट्रोकमध्ये कोणी त्या कारणासाठी तपासत नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: “सिग्नलला उभी असताना कधीकधी रेस आपोआप वाढते, मग मी जरा कमी करून घेतो.” पूर्ण पत्रात मला हेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. झिजलेल्या पिस्टनमुळे रेस आपोआप वाढत नाही, उलट गाडी सिग्नलला बंद पडायला बघते. हात न लावता रेस चढते तेव्हा पहिला संशय हा की इंजिनला कुठून तरी जास्तीची हवा मिळतेय, किंवा पेट्रोल कमी मिळतंय. म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ झालंय. पातळ मिश्रणावर इंजिन तापतं, ताकद सोडतं, चढणीला दमतं आणि थंड झालं की पुन्हा शहाण्यासारखं चालतं. तुमची तक्रार अगदी याच क्रमाने लिहिलेली आहे.

ही हवा येते कुठून, ते नीट सांगते, कारण जुनी टू-स्ट्रोक घरात असलेल्या प्रत्येकाला याचा उपयोग आहे. फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालच्या भागात नुसतं ऑइल असतं. टू-स्ट्रोकमध्ये तोच भाग सायकलच्या पंपासारखा काम करतो. पिस्टन वर जाताना खाली मिश्रण ओढलं जातं, खाली येताना तेच मिश्रण दाबलं जाऊन वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. म्हणजे खालची क्रँककेसही तितकीच हवाबंद हवी. तिथे क्रँकच्या दोन टोकांना दोन ऑइल सील असतात, एक मॅग्नेटच्या (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूला आणि एक क्लचच्या बाजूला. रबराची ही सीलं गाडी चालत असते तोवर तेलाने ओली राहतात. पाच वर्षं गाडी उभी राहिली की ती कडक होतात, त्यांची कड शाफ्टला धरत नाही.

मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन तिथून कोरडी हवा ओढतं. मिश्रण पातळ होतं, रेस चढते, इंजिन तापतं. क्लचच्या बाजूचं गेलं तर खूण वेगळी असते. इंजिन गिअर ऑइल ओढून जाळायला लागतं, धूर दाट होतो, प्लग तेलकट काळा होतो आणि गिअर ऑइलची पातळी कमी होत जाते, बाहेर थेंब न सांडता. तुमच्या पत्रात धुराची तक्रार नाही, म्हणून माझा पहिला संशय मॅग्नेटच्या बाजूवर आहे. दुसरा संशय कार्बोरेटरच्या बुडाच्या पॅकिंगवर, कारण तो दोनदा उघडला गेलाय आणि जुनंच पॅकिंग पुन्हा बसवलं असेल तर तिथूनही हवा शिरते. अर्थात हे मी पत्रावरून म्हणतेय. गाडी न बघता यापेक्षा ठाम बोलणं बरोबर नाही.

बोअरची घाई करू नका असं मी म्हणते ते यासाठी. हवा खालून गळत असताना वर नवा पिस्टन घातला, तर तो नवा पिस्टनही त्याच पातळ मिश्रणावर तापणार. नव्या पिस्टनची बसणी घट्ट असते, त्यामुळे तो जाम होण्याची भीती जुन्यापेक्षा जास्त. दुसरं म्हणजे बोअर केलेलं परत फिरवता येत नाही. प्रत्येक बोअरला सिलिंडरच्या भिंतीतलं थोडं लोखंड कायमचं जातं आणि पिस्टनची ओव्हरसाइज मापं मोजकीच असतात. बाबांनी आधी कधी बोअर करून घेतलं असेल तर तुमच्या हातात आणखी कमी माप उरलंय. तीस वर्षं जुन्या सिलिंडरची एक पायरी अंदाजावर खर्च करणं मला पटत नाही.

किक हलकी लागते हा मिस्त्रीचा मुद्दा मात्र सोडून द्यायचा नाही, तो मोजायचा. प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावायचं, रेस पूर्ण उघडी ठेवायची आणि काटा वाढायचा थांबेपर्यंत जोरात किका मारायच्या. इंजिन गरम असताना मोजलेलं जास्त खरं. अशा जुन्या १५० सीसी टू-स्ट्रोकमध्ये १०० ते १२० पीएसआयच्या आसपास दाब आला तर पिस्टन-रिंगा तुमच्या तक्रारीचं मूळ नाहीत. ९० च्या बराच खाली आला तर मिस्त्रीचं म्हणणं बरोबर असू शकतं, आणि मग हेड उघडून सिलिंडरवर उभे ओरखडे आहेत का ते डोळ्यांनी बघायचं. गेज फार महाग नसतं, बऱ्याच गॅरेजमध्ये असतंही. ‘माझ्यासमोर मोजा’ म्हणायला संकोचू नका. चांगला मिस्त्री याने दुखावत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या आणखी एका गोष्टीबद्दल. तुम्ही लिहिलंय, “इंजिन जुनं आहे म्हणून लिटरला ५० मिली ऑइल घालतो, जरा जास्तच बरं.” ही समजूत पुण्यात घरोघरी आहे आणि तिच्यामागची काळजी मला कळते. पण चेतकसारख्या गाडीला साधारण २ टक्के, म्हणजे लिटरला २० मिली टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोकचं तेल) पुरतं. तुम्ही अडीचपट घालताय. जेटमधून जाणाऱ्या मिश्रणाचं माप ठरलेलं असतं. त्यात तेल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी झालं. म्हणजे जास्त तेलाने मिश्रण आणखी पातळ होतं, फरक थोडा असला तरी नको त्या दिशेने. शिवाय न जळलेलं तेल सायलेन्सरमध्ये आणि सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या तोंडाशी काजळी होऊन बसतं. आधी टाकीत पेट्रोल आणि मग वरून तेल ओतलं तर ते नीट मिसळतही नाही. बाटलीत थोड्या पेट्रोलमध्ये तेल घालून, हलवून मग ओता. डब्यावर जासो (जपानी दर्जाची खूण) एफसी किंवा एफडी लिहिलेलं तेल घ्या, धूर आणि काजळी दोन्ही कमी होतात.

आणि पेट्रोल. बाबा शेवटची गाडी चालवत होते तेव्हाचं पेट्रोल आणि आज पंपावर मिळतं ते पेट्रोल एक नाही. देशात पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचं (उसापासूनही बनणाऱ्या अल्कोहोलचं) प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर गेलं आणि २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर. आपल्या उसाच्या पट्ट्यात त्याचं कौतुक आहे आणि ते असावं. पण १९९३ ची गाडी शुद्ध पेट्रोल गृहीत धरून बनलेली आहे. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. जेट तोच राहिला तर हवा प्रमाणाबाहेर होते, म्हणजे मिश्रण पुन्हा पातळच. नवी इंजेक्शनची गाडी हे स्वतः जमवून घेते, कार्बोरेटरला ते जमत नाही. त्यात इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकी अर्धवट भरून महिनाभर पावसाळी हवेत उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर होऊ शकतो. कॉक, म्हणजे टाकीची तोटी, तळातूनच ओढतो, आणि त्या थरात टू-टी ऑइल फारसं मिसळत नाही. म्हणजे इंजिनला तेलाशिवायचं पाणचट इंधन मिळतं. जुने रबरी पाइप आणि फ्लोटजवळची रबरी टोकंही इथेनॉलने फुगतात, चिकट होतात. दसऱ्याला टाकीत जुनं पेट्रोल होतं का, ते पूर्ण काढलं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल काढलं तर सगळ्यात आधी तेच काढा. पारदर्शक बरणीत काढून रात्रभर ठेवा आणि सकाळी तळाशी रेघ दिसते का बघा. पाइप नवा घाला, कॉकची जाळी साफ करा. पुढे रोज चालवणार नसाल तर टाकीत थोडंच पेट्रोल ठेवा आणि आठवड्याभरात संपवा.

म्हणजे एका इंजिनात मिश्रण पातळ करणारी तीन कारणं एकत्र आली असण्याची शक्यता आहे: सुकलेलं सील, जास्तीचं तेल, नवं पेट्रोल. एकेकटं कारण कदाचित इंजिनाने निभावून नेलं असतं. कार्बोरेटर कितीही धुतला तरी फरक का पडला नाही, हेही यातून कळतं.

रस्त्यावर काही तपासायच्या आधी आरसी बुक उघडून बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १९९३ ची गाडी म्हणजे २००८, २०१३, २०१८ आणि २०२३. गाडी २०२० पासून उभी होती, तेव्हा २०२३ चं नूतनीकरण राहून गेलं असण्याची शक्यता मोठी. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवणं कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विम्याचं कठीण होतं. नूतनीकरण, पर्यावरण कर, पीयूसी, थर्ड पार्टी विमा हे सगळं इंजिनावर पैसे घालण्याच्या आधी विचारून घ्या, कारण खर्चाचा खरा आकडा त्याशिवाय कळणार नाही. तोवर जे तपासायचं ते पार्किंगमध्ये.

पार्किंगमध्ये बरंच होतं. टाकीच्या झाकणाला बारीक छिद्र असतं, ते धुळीने बुजलं की टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल उतरायचं थांबतं आणि काही किलोमीटर गेल्यावर गाडी मरते. गाडी बंद पडल्याबरोबर झाकण उघडून ‘हुश्श’ आवाज आला तर हेच. यासारखं फुकटचं निदान दुसरं नाही, म्हणून ते आधी. मग कार्बोरेटरकडचा पाइप काढून कॉक उघडायचा, धार सलग येते की तुटक ते बघायचं, इंजिन थंड असताना आणि जवळ काही पेटतं नसताना. मागचं चाक उचलून हाताने फिरवा, ब्रेक घासत असेल तर लगेच कळेल. इंजिनावरचं पत्र्याचं आवरण आणि मॅग्नेटच्या पंख्याची पाती बघा. चेतकचं इंजिन त्या पंख्याच्या वाऱ्यावर थंड होतं. पाच वर्षांत त्यात धूळ, पानं, उंदराचं घरटं असं काहीही साचलेलं असतं, आणि आवरणाचा एखादा तुकडा मागच्या दुरुस्तीत बसवायचा राहून गेलेला असतो.

सायलेन्सरही इथेच. चालू गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडापुढे तळहात धरा, थोडा लांबून. फुंकर ठोक आणि मोकळी हवी. मलूल असेल तर आत काजळीने वाट अडली आहे. अडलेल्या सायलेन्सरची गाडी सुरू नीट होते, उभी असताना नीट चालते आणि चढणीला मात्र श्वास कोंडल्यासारखी होते. पूर्वी काही हजार किलोमीटरला सायलेन्सर काढून साफ करणं हा टू-स्ट्रोकच्या सर्व्हिसिंगचा भागच होता. ते काम गॅरेजवाल्यालाच द्या. पेटवून काजळी जाळण्याचे प्रयोग सोसायटीत करू नका.

कागदपत्रं झाली की चढणीवर दोन गोष्टी बघायच्या, सकाळी लवकर, रहदारी नसताना, मागे कोणीतरी दुसरी गाडी घेऊन. पहिली गोष्ट चोकची. गाडी दमायला लागली की चोक किंचित ओढा. क्षणभर जोर आला तर मिश्रण पातळ आहे किंवा पेट्रोल पुरत नाही, हे जवळजवळ नक्की. आणखी गुदमरली तर पातळपणाचा माझा सगळा संशय बाजूला ठेवा आणि सायलेन्सर, जाड मिश्रण, एअर फिल्टर या दिशेने जा. दुसरी गोष्ट प्लगची. दमलेली असताना रेस तशीच धरून इंजिन बंद करायचं, त्याच क्षणी क्लच दाबायचा आणि गाडी कडेला घ्यायची. सावकाश रेस सोडून थांबलात तर प्लगवर उभ्या गाडीची कथा दिसते, चढणीची नाही. जाड हातमोजा घालून प्लग काढा. टोक चॉकलेटी असेल तर ठीक. पांढुरकं, कोरडं, खरखरीत असेल तर पातळ मिश्रण आणि ताप. काळं ओलं असेल तर तेल जास्त, पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त. प्लग निदान अर्धा तास चाललेला हवा, कालच घातलेल्या प्लगवर रंग धरत नाही.

गाडी बंद कशी पडते, याकडेही लक्ष द्या. पत्रात तुम्ही नुसतं ‘बंद पडते’ लिहिलंय. हळूहळू जोर जाऊन, धक्के खात बंद पडली तर पेट्रोलचा प्रश्न. चालता चालता दिव्याचं बटण बंद केल्यासारखी खटकन गेली तर ठिणगीचा. जुनी कॉइल किंवा सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) तापल्यावर दगा देतात आणि थंड झाल्यावर पुन्हा ठीक चालतात, अगदी तुमच्या पंधरा-वीस मिनिटांसारखं. म्हणून बंद पडल्याबरोबर, थंड व्हायची वाट न बघता, दुसरा प्लग टोपीत घालून इंजिनाच्या धातूला टेकवा आणि किक मारून ठिणगी बघा, प्लगच्या उघड्या भोकापासून लांब. तांबूस, बारीक किंवा गायब असेल तर बोअरचा विचार सोडून इलेक्ट्रिकलकडे जा. आणि बंद पडताना किक जड झाली, पाय दाबला जाईना, तर पिस्टन धरायला लागलाय. मग पुन्हा सुरू करून बघायचा मोह टाळा, गाडी टेम्पोत घाला.

सिग्नलला रेस फारच चढली आणि किल्लीने बंद होईना असं कधी झालं तर घाबरू नका. ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडा, किंवा चोक पूर्ण ओढा. इंजिन मरतं.

आता सीलची खात्री. यासाठी क्रँककेसची गळती तपासतात. कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडं बंद करून आत ५ ते ६ पीएसआय एवढाच दाब भरतात आणि काटा काही मिनिटं टिकतो का बघतात. जास्त दाब भरला तर धड असलेली सीलंही निसटतात, म्हणून हे काम टू-स्ट्रोक जाणणाऱ्याकडेच. साबणाचं पाणी लावलं की पॅकिंगमधून गळत असेल तर बुडबुडे येतात. मॅग्नेट काढलं तर त्यामागचं सीलही दिसतं, आणि तिथे तेलकट ओल किंवा फेस दिसला की शंका उरत नाही. असा मिस्त्री शोधायचा तर नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानात विचारा. चेतकची सीलं आणि पॅकिंग कोण नियमित नेतो, हे दुकानदाराला पाठ असतं. माझ्या अनुभवात जाहिरातीपेक्षा हा पत्ता खरा निघतो. सील घेताना नाव बघून घेऊ नका, जुनं सील हातात घेऊन माप जुळवा.

एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा. तेलाचं प्रमाण आज बदललं, जेट उद्या आणि प्लग त्याच दिवशी, असं झालं की फरक कशाने पडला ते कोणालाच सांगता येत नाही. मिस्त्रीने मध्ये बदललेला जेट आधी मूळ मापाचा करून घ्या. गळती चालू असताना लावलेला कोणताही जेट गळती बुजल्यावर चुकीचाच ठरणार.

लिहून ठेवण्यावरून बाबांच्या वहीकडे येते. “बाबांनी प्रत्येक वेळी पेट्रोल भरल्याची नोंद २०२० पर्यंत ठेवली आहे, ती मी नीट चाळली नाही,” असं तुम्ही लिहिलंय. ती वही तुमच्या गेजइतकीच कामाची आहे. शेवटच्या दोन-तीन वर्षांत ॲव्हरेज थोडं थोडं घसरत आलं असेल तर बिघाड गाडी उभी राहण्याच्या आधीचा आहे. मग झीज, काजळी, घासणारा ब्रेक हे संशयित पुढे येतात आणि मिस्त्रीच्या म्हणण्याला वजन येतं. ॲव्हरेज शेवटच्या पानापर्यंत टिकलेलं असेल तर इंजिन धड असताना उभं राहिलं, आणि जे बिघडलं ते उभं राहण्याने आणि नव्या पेट्रोलने. वहीत मधेच कुठे ‘गिअर ऑइल टाकले’ असं लागोपाठ दिसलं तर क्लचच्या बाजूच्या सीलकडे बघा. बोअर कधी झालं होतं का, तेही तिथेच असेल.

आणि ही वही बाबांशिवाय वाचू नका. पत्रात तुम्ही ‘बाबांसाठी’ हा शब्द पुष्कळदा वापरलाय. बाबांना काय हवंय, हे मात्र कुठेच नाही, कारण तुम्ही त्यांना विचारलेलंच नाही. त्यांना वाईट वाटेल ही काळजी खरी आहे. पण गाडी गॅरेजला जाते, येते, परत जाते, हे त्यांना खिडकीतून दिसत असणारच. न सांगितल्याने त्यांचं दुःख टळत नाही, फक्त त्यांना त्यात बोलता येत नाही. सत्तावीस वर्षं ज्यांनी ही गाडी हाताळली त्यांना ती कोणत्या आवाजाला काय मागते हे ठाऊक आहे. सिग्नलला रेस चढायची का पूर्वी, कोणत्या चढणीला कोणता गिअर लागायचा, शेवटचं मोठं काम काय झालं, हे आज पुण्यात फक्त तेच सांगू शकतात. कदाचित ते म्हणतील, आपल्याला मागे बसून एक चक्कर हवी. कदाचित म्हणतील, माझं झालं आता, भावाला पैशाची गरज आहे तर देऊन टाक. दोन्हींत तुमचा निर्णय सोपा होतो.

विकायचं ठरलं तरी तपासणी आधी. झाकणाच्या बुजलेल्या छिद्रापायी गाडी ‘इंजिन गेलेली’ म्हणून विकली गेली तर वाईट वाटेल ते नंतर. ‘व्हिंटेज’ म्हणणाऱ्या गृहस्थांना नम्रपणे सांगा की आपल्याकडच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपातली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदली जाते. १९९३ च्या गाडीला ते लागू नाही. घेणाऱ्याला आवडली म्हणून तो घेईल, आणि त्यात गैर काही नाही. फक्त आरसी त्याच्या नावावर झाल्याशिवाय गाडी हलू देऊ नका.

चालू न करता नुसती ठेवायची, हाही एक मार्ग आहे, पण तो निवडलात तर नीट निवडा. टाकी आणि कार्बोरेटर पूर्ण रिकामे करा, प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल सोडून किक हळू फिरवा, महिन्यातून एकदा तेवढं करत राहा.

ठेवून चालवायचं ठरलं आणि सील, पॅकिंग, तेल, पेट्रोल एवढ्यावरच गाडी सुधारली, तर पहिल्यांदा कात्रज किंवा दिवे घाटात नेताना एक लक्षात असू द्या. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलबरोबरच मिळतं. लांब उतारावर रेस पूर्ण सोडून गिअरमध्ये गाडी उतरवली तर इंजिन जोरात फिरत असतं आणि तेल जवळजवळ पोचत नाही. मधेमधे क्लच दाबून थोडी रेस द्या.

आणि क्लचच्या बाजूचं सील गेलेलं निघालं, म्हणजे इंजिन उघडणं भागच पडलं, तर दोन्ही सीलं आणि क्रँकची बेअरिंगं त्याच वेळी बदलून घ्या, कारण मजुरी तीच लागते. बोअरचा निर्णय सिलिंडर मापाने मोजल्यावर. काढलेले जुने भाग परत मागून घ्या आणि इंजिन गाडीला जोडायच्या आधी गळतीची तपासणी पुन्हा एकदा तुमच्यासमोर करायला सांगा.